गर्दीच्या बसमध्ये बाबागाडी : पानिपतच्या प्रवाशांसाठी काही माहिती

१४ जानेवारी १७६१ रोजी ज्या भूमीवर पानिपतचे तिसरे युद्ध झाले, तेथील 'काला अंब' स्मारकाच्या ठिकाणी दरवर्षी त्याच तारखेला शौर्य दिन पाळला जातो. या दिवशी महाराष्ट्रातून, तसेच दिल्ली, इंदूर, ग्वाल्हेर आदी ठिकाणच्या मराठी वसाहतींतून अनेक कुटुंबे हरियाणातील या गावी येतात. २०२५ च्या कार्यक्रमास महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. एरवीही दिल्ली-आग्रा-कुरुक्षेत्र अशा सहलीत पानिपतचा मुक्काम जोडून घेणाऱ्यांची संख्या कमी नाही. या प्रवाशांत तान्ही मुले असलेली जोडपी असतात आणि त्यांच्यासोबत बहुधा एक बाबागाडीही असते.

ही बाबागाडी मुंबई किंवा पुण्याहून विमानाने निघते, दिल्लीच्या विमानतळावर गुळगुळीत फरशीवरून धावते, मेट्रोच्या उद्वाहनातून वर-खाली होते आणि काश्मिरी गेटच्या आंतरराज्य बसस्थानकापर्यंत काहीही तक्रार न करता पोहोचते. तिचा प्रश्न सुरू होतो तो पानिपतच्या बसच्या दारात. एका हातात मूल, दुसऱ्या हातात न मिटणारी गाडी, खांद्यावर दुधाच्या बाटल्यांची पिशवी आणि मागे चढण्यासाठी रेटा देणारी गर्दी, अशा अवस्थेत जे निर्णय घेतले जातात ते सहसा चांगले नसतात. प्रस्तुत लेखात या प्रवासात बाबागाडी कशी हाताळावी, ती केव्हा न्यावी आणि केव्हा नेऊ नये, तसेच अन्यत्र याविषयी कोणते नियम आहेत, याची माहिती देण्यात येत आहे.

बाबागाडीची घडण

बाबागाडीचा इतिहास इंग्लंडमध्ये १७३३ पर्यंत मागे जातो. विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या मुलांसाठी लहान प्राण्याकडून ओढली जाणारी एक शोभिवंत गाडी तयार केली होती. पुढील सव्वादोनशे वर्षे बाबागाडी ही मोठ्या घराच्या बागेत किंवा रुंद पदपथावर फिरवायची वस्तू राहिली. तिला सार्वजनिक वाहनात नेण्याचा विचार कोणी केला नव्हता, कारण ती मिटतच नसे. हा अडसर दूर केला तो ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेल्या या अभियंत्याने १९६५ मध्ये छत्रीप्रमाणे मिटणारी, ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहून कमी वजनाची गाडी बनवली. आज बाजारात मिळणाऱ्या हलक्या बाबागाड्या याच कल्पनेच्या वंशज आहेत.

मात्र भारतात गेल्या काही वर्षांत खपणाऱ्या सर्वच गाड्या या जातीच्या नाहीत. मोठी चाके, जाड गादी, खाली सामानाची टोपली, वर छत आणि मोटारीत बसवता येणारे आसन अशी सर्व साधने एकत्र असलेली गाडी दहा किलोंच्या पुढे सहज जाते. ती मिटवायला दोन हात लागतात आणि मिटल्यानंतरही मोठ्या सुटकेसइतकी जागा अडवते. घराजवळच्या उद्यानात ती उत्तम असते. पानिपतच्या बसमध्ये तीच गाडी कुटुंबाची डोकेदुखी ठरते. त्यामुळे प्रवासाची पहिली तयारी घरीच करावी लागते. एका हाताने मूल कडेवर धरून दुसऱ्या हाताने गाडी मिटवता येते का, मिटलेली गाडी आपोआप उघडू नये यासाठी खटका आहे का आणि ती खांद्यावर अडकवण्यासाठी पट्टा आहे का, हे निघण्यापूर्वी चार-पाच वेळा करून पाहावे. जी गाडी घराच्या दिवाणखान्यात मिटायला एक मिनिट घेते ती बसच्या दारात मिटत नाही.

गाडी उघडता-मिटताना बाळाची बोटे सांध्यापासून दूर ठेवणे ही वरवर किरकोळ वाटणारी सूचनाही महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख बाबागाड्या दुरुस्तीसाठी परत मागवण्यात आल्या. बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटनांची नोंद झाल्यामुळे हा निर्णय घ्यावा लागला होता. घाईत गाडी मिटवताना मूल शेजारी उभे असेल तर ते कुतूहलाने नेमका तेथेच हात घालते. म्हणून आधी मूल दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि मगच गाडीला हात लावावा.

बस आणि बाबागाडी यांचे न जमणारे नाते

दिल्ली ते पानिपत हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून, म्हणजे जुन्या जीटी रोडवरून, हरियाणा रोडवेजच्या गाड्या दिवसभर धावतात. पानिपत, कर्नाल, अंबाला, चंदीगड अशा सर्वच दिशांचे प्रवासी याच मार्गावर असल्याने शनिवार-रविवारी आणि सणांच्या सुमारास उभे राहण्यासही जागा मिळणे कठीण होते. साध्या गाडीचा मजला उंच असतो, दारात दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात आणि आसनांच्या रांगांमधील वाट जेमतेम एका माणसाची असते. उघडी बाबागाडी त्या वाटेत शिरत नाही. शिरलीच तर मागच्या सर्वांचा उतरण्याचा मार्ग बंद करते.

काही पालक दाराजवळच्या मोकळ्या जागेत बाबागाडी उभी करून मूल तिच्यातच झोपू देतात. गर्दीत कडेवर घेण्यापेक्षा हे सुरक्षित, असा त्यांचा समज असतो. साधा हिशेब मांडला तर हा समज टिकत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बस चालकाने दोन सेकंदांत थांबवली, तर दहा किलोचे मूल आणि आठ किलोची गाडी मिळून सुमारे दहा किलो वजन हातात तोलून धरण्याइतक्या जोराने पुढे ओढली जातात. आईचा एक हात दांडीला असतो. दुसऱ्या हाताने हा झटका अवचित पेलणे अवघड असते. बाबागाडीला चाकबंद असतो हे खरे, परंतु तो पदपथावरील उतारासाठी असतो. बसच्या गुळगुळीत मजल्यावर बंद केलेली चाके घसरतात आणि उंच, अरुंद पायांची गाडी घसरण्याआधी कलंडतेही. वळणावर ती बाजूला पडण्याचा धोका अधिक असतो.

याउलट मूल मांडीवर घेऊन आसनावर बसलेली व्यक्ती आपल्या शरीराने त्याला आधार देते. हीदेखील परिपूर्ण सुरक्षा नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना वाहनात पट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधणे आवश्यक आहे. तथापि, उभे प्रवासी नेणाऱ्या वाहनांना प्रवाशांच्या सुरक्षापट्ट्याच्या सक्तीतून वगळण्याची मुभा राज्य सरकारांना देण्यात आली आहे. दुचाकीवर नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी शिरस्त्राण आणि सुरक्षापट्ट्याचा नियमही २०२२ मध्ये अधिसूचित झाला. गर्दीच्या बसमधील तान्ह्या मुलाची सुरक्षा मात्र आजही प्रामुख्याने त्याला धरणाऱ्या हातांवर अवलंबून आहे. ते हात बाबागाडीने अडकवून ठेवू नयेत, हेच या सर्व सूचनांचे मूळ आहे.

चढण्यापूर्वी, बसमध्ये आणि उतरताना

बस फलाटावर लागण्यापूर्वी, किंबहुना ती दृष्टीस पडण्यापूर्वीच, मूल बाहेर काढून बाबागाडी मिटवून ठेवावी. टोपलीतील सर्व वस्तू काढून एकाच पिशवीत भराव्यात. मिटवताना टोपलीतून घरंगळलेली बाटली शोधण्यात बस निघून जाते. दोघे प्रवास करीत असल्यास एकाने मूल घेऊन प्रथम चढावे व आसन धरावे. दुसऱ्याने मागाहून सामान व गाडी चढवावी. हा क्रम उलटा केल्यास मूल घेतलेली व्यक्ती गर्दीत अखेरीस अडकते. एकटीने किंवा एकट्याने प्रवास करणाऱ्याने वाहकाला आधीच सांगून ठेवणे हितावह असते. हरियाणात वाहकाला 'परिचालक' अथवा सरळ 'कंडक्टर साहब' म्हटले जाते. गाडी कोठे ठेवायची हे त्याला विचारल्यास पुढच्या आसनामागे, चालकाच्या कठड्याजवळ किंवा गाडीच्या पोटातील सामानकक्षात जागा मिळू शकते. सामानकक्षात ठेवल्यास उतरताना आठवण करून देण्याची जबाबदारी प्रवाशाची असते.

मिटलेली गाडी उभी ठेवण्यापेक्षा आसनाखाली किंवा पायांशी आडवी ठेवावी. वरच्या फळीवर ती ठेवू नये, कारण गतिरोधकावर खाली येणारी पाच किलोची धातूची चौकट कोणाच्या डोक्यावर पडेल ते सांगता येत नाही. चाकांना लागलेला चिखल किंवा धूळ शेजाऱ्याच्या कपड्यांना लागू नये यासाठी जुन्या चादरीची किंवा कापडी पिशवीची खोळ जवळ ठेवावी. सहप्रवाशांशी होणाऱ्या कुरबुरींपैकी बऱ्याच एवढ्याने टळतात.

उतरण्याच्या ठिकाणाची चौकशी तिकीट घेतानाच करावी. पानिपत शहराच्या मध्यातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर २००८ मध्ये लांबलचक उड्डाणमार्ग झाला आणि पुढे जाणाऱ्या गाड्यांचा प्रवाह त्यावरून वळला. शिवाय नवे बसस्थानक आता शहराच्या दक्षिणेस सिवाह गावाजवळ आहे. त्यामुळे 'पानिपतला उतरवा' एवढे सांगून भागत नाही. भलत्याच टोकाला महामार्गाच्या कडेला उतरून, भरधाव वाहनांच्या शेजारी बाबागाडी उघडत बसण्याची वेळ येऊ देऊ नये. बस पूर्ण थांबल्यावर मूल कडेवर घेऊनच उतरावे आणि रस्त्यापासून दूर, सपाट जागी गेल्यानंतरच गाडी उघडावी.

बसऐवजी रेल्वेचा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. पानिपत हे दिल्ली-अंबाला लोहमार्गावरील जंक्शन असून महाराष्ट्रातून पंजाबकडे जाणाऱ्या काही गाड्याही तेथे थांबतात. डब्यात बाबागाडी ठेवण्यास बसपेक्षा अधिक जागा असते आणि पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही. फलाट बदलण्यासाठी पूल चढावा लागण्याची शक्यता गृहीत धरावी. अशा वेळी मूल आत ठेवून दोघांनी गाडी दोन्हीकडून उचलण्याची पद्धत सर्रास दिसते. ती धोक्याची आहे. पायरीवर एकाचा पाय घसरला की गाडी मुलासह कलंडते.

शहरात पोहोचल्यावर पुढील प्रवास बहुधा ई-रिक्षाने होतो. ही वाहने बाजूंनी उघडी असतात. तीत उघडी बाबागाडी चढवून मूल तीतच बसवण्याचा मोह टाळावा. मूल आतल्या बाजूला बसलेल्याच्या मांडीवर आणि मिटलेली गाडी पायांमध्ये, अशी रचना असावी. जानेवारी २०२४ मध्ये पानिपतमध्ये विजेवर चालणारी शहर बससेवा सुरू झाली असून तिच्या गाड्या महामार्गावरील साध्या गाड्यांहून चढण्यास सोप्या आहेत.

काला अंब आणि शहरातील स्थळे

काला अंब स्मारक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. येथे विटांचा स्तंभ, त्याभोवती लोखंडी कठडा आणि बाग आहे. ज्या आंब्याच्या झाडावरून या जागेला नाव मिळाले ते झाड आता राहिलेले नाही. बागेतील वाटा सपाट असल्याने बाबागाडीचा उपयोग खऱ्या अर्थाने येथे होतो आणि तेवढ्यासाठी ती पानिपतपर्यंत वागवण्याचे सार्थक होते. पहिल्या युद्धाशी, म्हणजे १५२६ शी, नाते सांगणारी इब्राहिम लोदीची कबर आणि बाबराने बांधवलेली काबुली बाग मशीद ही स्थळे शहरात आहेत. बू अली शाह कलंदर यांचा दर्गा जुन्या वस्तीत असून तेथील गल्ल्या अरुंद व गजबजलेल्या आहेत. दर्ग्याकडे जाताना गाडी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून मूल अंगावर घेऊन जाणेच सोयीचे.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. १७६१ च्या मोहिमेत मराठी फौजेबरोबर हजारो बिनलढाऊ माणसे होती. यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, सरदारांचे कुटुंबकबिले होते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या छावणीत होत्या. या लवाजम्यामुळे फौजेची हालचाल मंदावली, असे इतिहासकारांनी वारंवार नोंदवले आहे. त्या गर्दीतील लेकुरवाळ्या स्त्रियांनी आपली मुले कशी वागवली असतील, याची नोंद मात्र बखरींच्या पानांत शोधूनही हाती फारसे लागत नाही. आजच्या प्रवाशाला निदान थांबण्याची आणि परत फिरण्याची मुभा आहे.

पानिपतला आलेला पाहुणा सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. हे गाव हातमाग, सतरंज्या, गालिचे आणि ब्लँकेटसाठी प्रसिद्ध आहे. जगभरातून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढून त्याची ब्लँकेट विणण्याचा येथील उद्योग मोठा आहे. दोन-तीन ब्लँकेटची पिशवी बाबागाडीच्या मुठीला अडकवून कुटुंबे बाजारातून फिरताना दिसतात. मूल आत असेपर्यंत तोल सांभाळला जातो. मूल उचलले की पुढचे वजन जाते आणि गाडी मागे उलटते. मुलाने अंग मागे टाकले तर ते आत असतानाही उलटू शकते. जड सामान मुठीला कधीही लटकवू नये. खालच्या टोपलीत ठेवावे किंवा पाठीवर घ्यावे.

करमणूक उद्यानांनी घालून दिलेली शिस्त

बाबागाडी आणि गर्दीची बस यांचा सामना जगात सर्वाधिक वेळा कोठे होत असेल, तर तो मोठ्या करमणूक उद्यानांत. वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंत आणि निवासापासून खेळांपर्यंत तेथे फेऱ्या मारणाऱ्या बसगाड्या असतात. रात्री उद्यान बंद होताना हजारो थकलेली कुटुंबे एकाच वेळी रांगेत उभी राहतात. त्यामुळे या प्रश्नाची उत्तरेही तेथेच आधी शोधली गेली. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या बसमध्ये चढण्यापूर्वी मूल उचलून गाडी मिटवावी, असा परिपाठ अनेक वर्षे राहिला आहे. १ मे २०१९ पासून तेथे आकाराचीही मर्यादा घालण्यात आली. सुमारे ७९ सेंटिमीटरहून रुंद किंवा १३२ सेंटिमीटरहून लांब बाबागाडीला उद्यानात प्रवेश नाही आणि ओढून नेण्याच्या चौकोनी गाड्यांना पूर्ण बंदी आहे.

भारतातील पहिले करमणूक उद्यान मानले जाणारे अप्पू घर दिल्लीच्या प्रगती मैदानात १९८४ मध्ये सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचा मानचिन्ह असलेल्या हत्तीचे नाव त्याला मिळाले होते. त्याच स्पर्धांवरून महाराष्ट्रातील एसटीच्या निमआराम गाडीला 'एशियाड' हे नाव पडले, जे आजही लोकांच्या तोंडी आहे. सध्या मराठी पर्यटकांना अशा फेरीच्या गाड्यांचा अनुभव हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटीत येतो. तेथील विस्तीर्ण परिसर बसमधूनच दाखवला जातो आणि चढ-उतार वारंवार करावी लागते. प्रत्येक थांब्यावर उघडणे-मिटवणे करण्याचा कंटाळा येऊन पालक गाडी उघडीच चढवू पाहतात आणि तेथेच इतरांशी खटके उडतात. ज्या सहलीत दिवसातून सहा-सात वेळा बसमध्ये चढायचे आहे, त्या सहलीत बाबागाडी नेण्याचा पुन्हा एकदा विचार करणे योग्य.

जागा कोणाची?

ज्या शहरांत बसचा मजला खाली असतो आणि आत मोकळी जागा राखलेली असते, तेथे प्रश्न निराळे रूप घेतो. ब्रिटनमध्ये चाकाच्या खुर्चीसाठी राखीव जागा रिकामी असल्यास बाबागाडी उघडी उभी करता येते. फेब्रुवारी २०१२ मध्ये वेदरबीहून लीड्सकडे जाणाऱ्या बसमध्ये डग पॉली हे अपंग प्रवासी चढू शकले नाहीत, कारण त्या जागेत बाबागाडी होती आणि ती मिटत नसल्याचे सांगून तिच्या मालकिणीने हलण्यास नकार दिला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८ जानेवारी २०१७ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने म्हटले की, चालकाने केवळ एकदा विनंती करून थांबणे पुरेसे नाही. नकार अवाजवी वाटल्यास त्याने आग्रह धरावा आणि प्रसंगी बस काही काळ थांबवून ठेवण्याचाही विचार करावा.

जपानने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. तेथे गर्दीच्या गाड्यांत बाबागाडी मिटवण्याची अपेक्षा रूढ होती आणि त्यावरून मातांना ऐकून घ्यावे लागे. मार्च २०१४ मध्ये तेथील परिवहन मंत्रालयाच्या पुढाकाराने असे ठरले की, बस व रेल्वेत बाबागाडी उघडी ठेवण्यास सर्वसाधारणपणे हरकत नसावी. यासाठी एक स्वतंत्र चिन्हही तयार करण्यात आले. मूल पट्ट्याने बांधलेले असावे, चाके अडवलेली असावीत, या अटी अर्थातच राहिल्या.

भारतातील स्थिती या दोहोंच्या अलीकडची आहे. नागरी बससाठीच्या केंद्रीय निकषांत मजल्याची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा तीन प्रकारांत सांगितलेली आहे. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास मोठ्या संख्येने आलेल्या तांबड्या-हिरव्या गाड्या ४०० मिलिमीटरच्या, म्हणजे जवळपास पदपथाच्या उंचीच्या होत्या. अशा गाड्यांत चाकाच्या खुर्चीसाठी उतरंड आणि जागा असते. गाडी रिकामी असताना तेथे बाबागाडी उभी करण्यास अडचण नसावी. मात्र खुर्चीवरील प्रवासी आल्यास ती तत्काळ मिटवून जागा मोकळी करावी. बाबागाडी मिटते, खुर्ची मिटत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा रोखही हाच आहे.

आंतरराज्य मार्गांवर मात्र अशा गाड्या अपवादानेच दिसतात. दिल्ली-मेरठ जलद रेल्वेचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. फलाट आणि डबा एकाच पातळीवर असल्याने तीत बाबागाडी न उचलता नेता येते. पानिपतच्या दिशेनेही अशीच मार्गिका नेण्याची योजना आखण्यात आली आहे.

अजिंठ्याचा धडा

महाराष्ट्रात फेरीच्या बसचे सर्वांत परिचित उदाहरण अजिंठ्याचे आहे. वाहनांच्या धुराने भित्तिचित्रांची हानी होऊ नये म्हणून खासगी गाड्या लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या तिठ्याजवळ थांबवल्या जातात. तेथून एसटीच्या गाड्या पर्यटकांना नेतात. सुटीच्या दिवसांत या गाड्यांना मोठी गर्दी होते. अनेक कुटुंबे या गर्दीतून मोठ्या कष्टाने बाबागाडी वर नेतात आणि मग पायऱ्यांशी येऊन थबकतात. लेण्यांसमोरील वाट उंचसखल असून जागोजागी पायऱ्या आहेत. तेथे चाके निरुपयोगी ठरतात. अशा स्थळी गाडी मोटारीतच ठेवावी. राज्यात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागल्यानंतर लेकुरवाळ्या स्त्रियांचा प्रवास वाढला आहे. स्थानकांवरील हिरकणी कक्षात बाळाला पाजण्याची सोय असते. तिचा उपयोग बस येण्यापूर्वी करून घेतल्यास प्रवासात मूल शांत राहते.

बाबागाडी नसेल तर तिची जागा घेणारे साधन मराठी घरांना नवे नाही. पदराच्या झोळीत किंवा पाठीशी बांधून मूल नेत शेतावर, ऊसतोडीला, बाजाराला जाणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. शिवलेली, खांद्यावर पट्टे असलेली पिशवी हे त्याचेच सुधारलेले रूप होय. दोन्ही हात मोकळे राहत असल्याने गर्दीच्या बससाठी ते अधिक योग्य. काळजी एवढीच की, बाळाचा चेहरा सतत दिसत राहावा, नाक-तोंड कापडात दबू नये आणि हनुवटी छातीला टेकू नये. चार महिन्यांखालील बालकांच्या बाबतीत झोळीत श्वास कोंडण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये दिला होता. अकाली जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय झोळी वापरू नये.

संक्रांतीच्या दिवसांतील दक्षता

शौर्य दिनाला येणाऱ्यांनी हवामानाचा विचार प्रथम करावा. जानेवारीच्या मध्यास पानिपतमध्ये कडाक्याची थंडी असते आणि पहाटेपासून दाट धुके पसरते. महामार्गावर वाहनांचा वेग मंदावतो, रेल्वेगाड्या तासन्‌तास रखडतात. मुंबई-कोकणातील बाळांना या थंडीची सवय नसते. चालणारा माणूस हालचालीने गरम राहतो. बाबागाडीत निश्चल बसलेले मूल मात्र लवकर गारठते, हे पालकांच्या लक्षात येत नाही. मुलाला पातळ कपड्यांचे तीन-चार थर, टोपी आणि मोजे घालावेत. गाडीवर ब्लँकेट पूर्ण टाकून तोंड झाकण्याची प्रथा चुकीची आहे. हवा खेळती राहत नाही आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही. उन्हाळ्यात, पारा ४० अंशांपुढे गेला असताना, असेच आच्छादन त्याहून घातक ठरते.

बसमध्ये शिरल्यावर बाहेरच्या थंडीसाठी घातलेले थर काढावे लागतात, कारण भरलेल्या गाडीत उकाडा होतो. मान व पाठ हाताने तपासून मूल घामेजले आहे का हे पाहावे. हातपाय गार लागणे हे त्याचे खात्रीचे लक्षण नव्हे.

कार्यक्रम संपल्यावर काला अंबहून एकाच वेळी सर्व माणसे निघतात. त्या घाईत सामील होण्यापेक्षा थोडे आधी निघावे किंवा गर्दी ओसरेपर्यंत बागेत थांबावे. दिल्लीकडे परतायचे असल्यास धुके पुन्हा उतरण्यापूर्वी, दुपार कलण्याच्या आत पानिपत सोडलेले बरे. बाबागाडी स्मारकाच्या फाटकातच मिटवून, तिची खोळ चढवून, मूल अंगावर घेऊन मगच थांब्याकडे चालू लागावे. रस्त्याच्या कडेला, अंधुक प्रकाशात, येणाऱ्या बसचे दिवे पाहून गाडी मिटवायला सुरुवात करू नये.